हिला कळलं की झालं

"हिला उभी करा. हिला कळलं, की जगात कुणालाही कळेल."

एरवी इंग्रजी झाडणारे साहेब हे मुद्दाम मराठीत बोलले. खोलीतले इंजिनीअर हसले. मी पान हातात घेऊन उभी. ते पोटाशी घट्ट धरलेलं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची बॉयलर बनवणारी कंपनी. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शिरगावातून यायची. टायपिस्ट, तीही टेंपररी. परदेशातल्या गिऱ्हाइकाने अट घातली, बॉयलरचं माहितीपुस्तक सोप्या इंग्रजीत पाहिजे. छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच काम. धोक्याचं आधी. ते नियम टाइप करताना मला हसूच आलं. आम्ही मराठी मिडियमवाले कॉलेजात असंच इंग्रजी लिहायचो, आणि त्याचेच मार्क कापले जायचे.

साहेबांना मात्र असं लिहिणं म्हणजे कमीपणा. त्याचा राग माझ्यावर. रोज एक पान सगळ्यांसमोर मला वाचायला लावायचं आणि विचारायचं, "कळलं?" मी मान हलवली की पान पास. आडनाव कळल्यापासून ते मला नावाने हाक मारत नव्हते. "ए कोटा, इकडे ये." अहो, खासगी कंपनीत कसला आलाय कोटा! पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. घर माझ्या आणि दादाच्या पगारावर चालायचं. दादा उल्हासनगरला जीन्स धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर आमच्याच कंपनीचा, पुस्तकही आमचंच.

त्या दिवशीचं पान होतं बॉयलरमधला गाळ काढायचं. वाक्य हे लांबलचक. सुरुवातीलाच, झाकण उघडून गाळ काढा. आणि पार शेवटी, त्याआधी सगळी वाफ सोडलेली असावी. मला दुसऱ्यांदा वाचल्यावर अर्थ लागला. पण दादा ओळीवर बोट ठेवून वाचतो. एक शब्द वाचला की हात कामाला. वाफ कोंडलेली असताना झाकण उघडलं, तर माणूस भाजून निघणार.

"कळलं?"

"नाही, साहेब."

"काय नाही?"

"नाही कळलं. वाफेचं आधी पाहिजे."

"सवलतीत सगळं मिळतं तुम्हाला, डोकं तेवढं मिळत नाही." परत हशा. साहेब जवळ आले. "संध्याकाळी हे छपाईला जाणार आहे. कळलं म्हण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

खरं सांगते, 'कळलं' अगदी ओठांवर आलं होतं. आईचा चेहरा दिसत होता. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाही कळलं."

तेवढ्यात शिपाईकाका चहा घेऊन आले. साहेबांनी त्यांनाच धरलं. इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "कळलं ना, काका?"

"हो हो, साहेब."

दुसरं काय म्हणणार बिचारे? तेही माझ्यासारखेच घाबरलेले. साहेबांनी सही करायला पेन काढलं. मला राहवलं नाही. आवाज फाटला माझा. "काका, मग पहिलं काय करायचं?"

काका साहेबांकडे बघत चाचरत म्हणाले, "ओपन करायचं. झाकण."

कुणी हसलं नाही. एका इंजिनीअरने मान खाली घातली. साहेबांचा चेहरा लालबुंद.

"चालती हो."

मी निघाले. जिन्यातच बसले आणि रडले. नोकरी गेली होती. घरी काय सांगू? ते वाक्य पुढे बदललं की तसंच छापलं, मला कुणी कळवलं नाही. दादाला मात्र बजावून ठेवलं, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, वाफ आधी.

पुढे दुसरीकडे चिकटले. तिथेही साहेब आहेतच. भीती गेली, असं खोटं मी सांगणार नाही. पण कुणाच्या सोयीसाठी माझी मान आता हलत नाही. कळलं नाही तर नाही कळलं म्हणणार. चारचौघांत म्हणणार. हाकलायचं तर हाकला.