गोटीराम मोटारवाला

गोटीराम तिसऱ्यांदा तुरुंगातून सुटला, तेव्हा त्याला घ्यायला कुणीतरी आलं होतं.

आधीच्या दोन्ही वेळा नाशिकरोडच्या त्या मोठ्या दाराबाहेर आल्यावर जायचं कुठं, हेच त्याला कळलं नव्हतं. नांदगावकडच्या गावात भावाने दार लावून घेतलेलं. कामावर कुणी ठेवेना. हाताला एकच काम येत होतं: विहिरीवरच्या मोटारी खोलून न्यायच्या, आतलं तांबं काढायचं आणि भंगारात घालायचं. दोन्ही वेळा वर्षाच्या आत तो पुन्हा आत गेला.

या वेळी साठीच्या एक बाई छत्री घेऊन उभ्या होत्या.

"गोटीराम कोण? चल, आवर लवकर!"

सुवर्णाबाई तीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. आवाज अजून तोच होता. निवृत्तीनंतर त्या 'सोबत' नावाच्या गटात शिरल्या होत्या. तुरुंगातले एक अधिकारी, एक हवालदार, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले चार-पाच कारखानदार आणि सुवर्णाबाईंच्याच भाषेत 'आमच्यासारखी रिकामी माणसं' महिन्यातून एकदा एकत्र बसायची. सुटलेल्या माणसाला राहायला खोली, हाताला काम आणि बोलायला कुणीतरी मिळालं, तर तो परत आत कशाला जाईल, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

बाईंनी त्याला आधी आधार केंद्रात नेलं. तिथल्या यंत्रावर त्याचे ठसे काही केल्या उमटेनात.

"पोलिसांच्या मशीनला तर लगेच येतात ओ," गोटीराम अगदी कळवळून म्हणाला.

रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मग सुवर्णाबाईंना हसू आवरेना, आणि त्यांच्यामागून सगळी रांगच हसली.

दुसऱ्या दिवशी गटातल्याच एका कारखानदाराच्या, धनराजशेठच्या वर्कशॉपमध्ये नेलं. तिथं जळालेल्या मोटारींमधली तार नव्याने गुंडाळून मिळे. धनराजने त्याचा सगळा इतिहास ऐकला होता.

"मोटार खोलता येते?"

"खोलता येते शेठ. जोडायचं कधी काम पडलं नाय."

धनराजने त्याला त्याच दिवशी कामावर ठेवलं.

तांब्याची तार पदराला पदर लावून गुंडाळायला गोटीरामला मजा वाटायला लागली. तरी दुसऱ्या महिन्यात तो आपणहून म्हणाला, "शेठ, तांब्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडं नका देऊ अजून." दिवाळीनंतर त्यानेच ती मागून घेतली.

आठव्या महिन्यात दिंडोरीकडून फोन आला. द्राक्षबागेवरची मोटार बंद पडली होती. पत्ता ऐकताच गोटीरामचा चेहरा उतरला. त्याने बाहेर जाऊन सुवर्णाबाईंना फोन लावला.

"बाई, त्या विहिरीवरनं मीच मोटार नेलती. दुसऱ्या कुणाला धाडायला सांगू का?"

"पहिल्यांदा चोरासारखा गेलास. आता कारागीर म्हणून जा. आणि खरं सांग. मी येऊ का बरोबर?"

"नको. जातो मी."

बागेच्या मालकीण लंकाबाई विहिरीपाशीच उभ्या होत्या. गोटीरामने पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही.

"मावशी, चार वर्षामागं तुमची मोटार गेलती. ती मी नेली. जेल भोगून आलोय. तुम्ही जा म्हणला तर जातो."

लंकाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एकदम सुरू झाल्या.

"तू व्हय? एप्रिलची छाटणी झालेली रे! दहा दिवस पाणी नाय. मी आन् सून हंड्यांनी झाडं शिंपत होतो. चार ओळी गेल्या त्या गेल्याच. तुला काय त्याचं!"

गोटीराम मान खाली घालून ऐकत राहिला. मोटार किती किलोची होती ते त्याला आठवत होतं. पण तिच्या पाण्यावर कुणी जगत होतं, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

बोलून बोलून लंकाबाई दमल्या. विहिरीच्या कठड्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता उभा काय राहिलास? बघ की काय झालंय तिला."

दोन तासांत मोटार चालू झाली. पाइपातून पाणी धो-धो आलं तेव्हा लंकाबाईंनी आधी स्वतःचे हात धुतले आणि त्यालाही धुवायला लावले. "जेवून जा. आन् ऐक, दर साली छाटणीच्या आधी येऊन मोटार बघून जायची. ही शिक्षा तुला मी देते."

"मान्य," गोटीराम म्हणाला. बाजरीच्या दोन भाकरी खाऊन त्याने ताट स्वतःच विसळून ठेवलं.

त्या शिक्षेला आता तीन वर्षं झाली. लंकाबाईंमुळे आसपासच्या सात गावांतल्या मोटारी त्याच्याकडे येतात. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला त्यांच्या सुनेने त्याला ओवाळलं; त्याने तिला हिरवी साडी नेली होती, ती तिला फार आवडली नाही आणि तिने तसं स्पष्ट सांगितलंही.

परवाच वर्कशॉपमध्ये लंकाबाईंचा फोन आला. मोटार विचित्र आवाज करतेय म्हणाल्या.

"फोन तिच्याजवळ धरा," गोटीराम म्हणाला आणि डोळे मिटून ऐकत बसला. "बेअरिंग हाय. बंद करा मावशी, येतो मी."

"लवकर ये. आन् जेवून नको येऊ," त्या म्हणाल्या.