घोडा सोडून दिलेला डाव

१९५६ साली आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्यानंतर आमच्या बुऱ्हाणपुरात बदल्यांची रीघ लागली. आमच्या मुलींच्या शाळेत इंदूरकडून गणिताच्या एक बाई आल्या. वय माझ्याएवढंच, बावीस-तेवीस. मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. घर मिळेपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून. बुद्धिबळात त्यांना हरवणारा गावात कुणी नव्हता. दर रविवारी दुपारी जवळच्या निंबोला गावचे त्यांचे एक शेतकरी मित्र केळी घेऊन यायचे आणि हरून जायचे. एका रविवारी ते हरून उठले, तशा बाई म्हणाल्या, "काका, मी बसू का एक डाव?"

वडील हसले. "बसा की. पण सोचून खेळा हं."

"देशी नियमांनी की विलायती?"

"विलायती. आम्हाला पण येतं."

पांढरी मोहरी बाईंची. राजापुढचं प्यादं दोघांनीही दोन घरं सरकवलं. दुसऱ्याच चालीला बाईंनी शेजारचं, उंटापुढचं प्यादं सरळ वडिलांच्या प्याद्याच्या तोंडी दिलं.

"हात चुकला वाटतं. परत घ्या," वडील म्हणाले.

"नाही काका. मारा तुम्ही."

वडिलांनी मारलं. थोड्या चालींनी त्यांचं एक प्यादं बाईंच्या घोड्यावर जाऊन भिडलं. घोडा हलवायचा सोडून बाईंनी किल्लेबंदी केली, राजा कोपऱ्याकडे आणि हत्ती बाहेर. वडिलांनी त्या प्याद्याने घोडा मारला.

"अहो बाई, घोडा फुकट गेला!" निंबोल्याचे काका कळवळून म्हणाले.

बाईंनी वजिराने ते प्यादं मारलं. मग आणखी एक प्यादं दिलं, आणि त्यावर उंट. उंटाने राजाला शह दिला, वडिलांच्या राजाने उंट मारला आणि तो उघड्यावर आला. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. वडिलांचे दोन्ही हत्ती अजून कोपऱ्यात, जागचे हललेसुद्धा नव्हते. मला तेव्हा खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी पटाजवळ सरकले. कारण वडिलांच्या कपाळावर मी पहिल्यांदाच घाम बघत होते.

"शह," बाई म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा, "शह." मग अगदी हळू आवाजात, "मात झाली, काका."

वडिलांनी पटाकडे बघितलं. मारलेली मोहरी त्यांच्याच बाजूला पडली होती. "एवढं सगळं मीच खाल्लं," ते म्हणाले, "आणि मीच मेलो! कुणी शिकवलं हो हे?"

"आमच्या वडिलांनी. ते संस्थानात नोकरीला होते. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली. मग दिवसभर घरी पट मांडून बसायचे. समोर बसायला मीच होते."

वडील उठले, आत जाऊन तोंड धुऊन आले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी मोहरी पुन्हा लावली, पांढरी बाईंकडे. "पहिल्यापासून दाखवा. हळूहळू." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत त्यांनी मला एक प्यादंसुद्धा हातात धरू दिलं नव्हतं.

"तू काय उभी? ये, बस इथे. तुला पण आलं पाहिजे."

मी पदर खोचून बाईंच्या शेजारी बसले.