बाबांनी मामाला मारलं

बाबांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही. त्यामुळे त्या रविवारी त्यांनी मामाला मारलं, हे डोळ्यांदेखत बघूनही मला खरं वाटेना.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दर रविवारी सकाळी जयेंद्रगंजात माझ्या माहेरी येतो, आणि मीही तेव्हा तिथेच असते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दोघांना वेड एकच, बॉक्सिंगचं. ग्लोव्हज मात्र दोघांनीही जन्मात कधी घातले नव्हते. पोहे संपले की ते वेगवेगळ्या काळातल्या बॉक्सरांच्या लढती लावायचे. कुणी केव्हाच वारलेला असायचा, कुणी आजचा चॅम्पियन. आमच्या बैठकीत सगळे ऐन भरातले.

त्या दिवशी बाबांचा लाडका होता, जुन्या कृष्णधवल फितींमधला एक चपळ हेवीवेट. समोर मामाचा, आत्ताचा उंचच उंच पठ्ठ्या.

"सीधी बात आहे, दाजी," मामा म्हणाला. "ह्याचे हात केवढे लांब! तुमचा जवळच नाही येऊ शकणार."

"आमचे पंधरा-पंधरा राउंड लढायचे. तुझा बारातच धापा टाकेल."

"पंधराची नौबतच नाही येणार. तिसऱ्यात खेळ खतम!"

"ऊठ," बाबा म्हणाले. "कसा जवळ येतो, दाखवतोच तुला."

मामा बाबांपेक्षा वीतभर उंच. तो हसतच उभा राहिला, डावा हात लांब करून. मी बशा गोळा करत होते. बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मान एका बाजूला झुकवली, मामाच्या हाताखालून आत शिरले आणि त्यांची उजवी मूठ वर आली.

मामा खाली बसला. ओठातून रक्त यायला लागलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काय झालं तेच त्याला कळत नव्हतं.

मी गारठले ते मामाला बघून नाही. बाबा त्याच्याकडे धावलेच नाहीत. मुठी छातीशी धरून ते तसेच उभे होते, आणि त्यांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. माझ्या लग्नातसुद्धा मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मामा उठायची ते वाट बघत होते!

"अहो, काय केलंत हे!" आई स्वयंपाकघरातून ओरडत आली, तेव्हा कुठे त्यांच्या मुठी सुटल्या. मी चष्मा पुढे केला. तो न घेताच ते मामाशेजारी जमिनीवर बसले.

नई सडकेवरच्या दातांच्या डॉक्टरांनी मामाच्या ओठाला टाके घातले. समोरचा दात अर्धा तुटला होता. "कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

"जिन्यात घसरलो," मामा बोबडं बोलला.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"त्याला मारायचं माझ्या मनातही नव्हतं गं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण हात आवरावासाही वाटला नाही."

त्यांचा चष्मा अजून माझ्याकडेच होता; तो मी त्यांच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी मामा आला. सुजलेल्या ओठांनी जपून पोहे खाल्ले आणि आपणहून म्हणाला, "बोला दाजी, आज कुणाची लावायची?"

बाबांनी मान हलवली. मामानं पुष्कळ आग्रह केला, पण ते बधले नाहीत. आता दोघं क्रिकेटवर बोलतात. बाबांचा आवाज जरा चढला की आई दारात येऊन उभी राहते, आणि मीही हातातलं काम तसंच सोडते.