आधी तुमच्या घरचं सांगा

करमाडच्या अक्का स्वतःच्या दुखण्याची सुरुवात नेहमी माझ्या घरापासून करत. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा आवाज आला की आधी माझ्या सासूबाईंचे गुडघे, मग मुलीची नोकरी, मग यंदाच्या मोसंबीचं रडगाणं, आणि अगदी शेवटी, जाता जाता, "अन् व्हय बाई, जराशी धाप लागतीय." नमनाला घडाभर तेल! गुलमंडीजवळच्या माझ्या दवाखान्यात पुढचा पेशंट ताटकळत ठेवून मी ते सगळं ऐकत असे. शेवट ऐकल्याशिवाय औषध कसं सांगणार?

अक्कांचं हृदय थकलेलं होतं. सारखं बसने येणं झेपेना, म्हणून मीच सांगितलं होतं, पायावर सूज आली किंवा दम लागला की लगेच मेसेज टाका. लिहिता येत नसल्यामुळे सून सविताने त्यांना आवाज पाठवायला शिकवलं. वेळेवर कळलं की गोळ्या वाढवून निभावता येत असे. तसं आम्ही बऱ्याचदा निभावलंही होतं.

एकदा मी सुजेचा फोटो मागितला, तर बाई अडूनच बसल्या. "लेकीवाणी असल्या तरी तुम्ही डॉक्टर. तुमच्याकडं पाय कसे करू?" शेवटी आधी माफीचा मेसेज आला, मग फोटो. त्यात धुऊन-पुसून पाटावर ठेवलेले दोन पाय. सूज बघायची सोडून मी हसत बसले.

"अक्का, आधी दुखणं सांगा, मग गप्पा," असं मी कितीदा रागावून सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. "आसं कसं? कुणाच्या दारात गेल्या गेल्या आपलंच गाऱ्हाणं लावायचं व्हय? बरं दिसतं का ते?"

माझ्या मुलीचं लग्न निघालं आणि अक्कांच्या मेसेजना ऊत आला. बांगड्या भरल्या का, हळद कुणी कुणी लावली, सगळं त्यांना हवं. मी तब्येतीचं विचारलं की म्हणत, "मला काय धाड भरलीय? लई झ्याक हाय."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांचा आशीर्वाद आला. तो मी मुलीची पाठवणी झाल्यावर ऐकला. "सुखानं... नांद गं... माझे बाई..." प्रत्येक शब्दापाशी श्वास अडत होता. मी भरजरी साडीतच फोन लावला. सविताने उचलला.

"गेल्या हो, बाई. दुपारी." तिला रडू आवरेना. "आडवं पडलं की दम कोंडायचा, आठवडाभर बसूनच झोपत होत्या. मी तुम्हाला कळवते म्हणलं की फोन हिसकून घ्यायच्या. म्हणायच्या, त्यांच्या घरी मांडव घातलाय, आजारपणाचं नाव काढायचं नाय."

मला अक्कांचा राग आला. अजूनही येतो. मांडव काय, घर काय, त्या आल्या असत्या तर मी मंगलाष्टकं सोडून त्यांच्याजवळ बसले असते. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी दुखणं अंगावर काढलं.

अक्का गेल्या, एवढंच मुलीला ठाऊक आहे; बाकी त्यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. माहेरी आली की ती हट्टाने तो आशीर्वाद लावायला सांगते. ऐकता ऐकता हसते आणि म्हणते, "किती सावकाश बोलायच्या ना अक्का!"

मी हो म्हणते.