डोंगरे साहेबांचे बर्फाचे बूट

सरकारी ऑफिसात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फायलींवर धूळ बसते तसे ते आपोआप बसत जातात. मग एके दिवशी कोणीतरी एखादी फाईल ओढतो आणि सगळ्यांना एकदमच शिंका येतात! आमच्या आदिलाबादच्या ऑफिसातली जुनी माणसं आता चार गावांना पांगली. पण लग्नाकार्यात भेटलो आणि कोणी नुसतं 'बूट' म्हटलं, की जेवणाची पंगत खोळंबते.

तर डोंगरे साहेब आमच्या सर्वे सेक्शनचे सुपरिंटेंडेंट. लताताई त्यांच्या पत्नी, त्याच ऑफिसात, दोन टेबलं सोडून. राजन्ना टायपिस्ट. घरी तेलुगू, पण आमच्यात बसून बसून मराठी बोलायचा ती आमच्यापेक्षा ठसक्यात. आणि मी कुमुद, आवक-जावक सांभाळणारी, एकटा जीव.

साहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. लग्न झाल्यावर त्यांनी लताताईंना फिरायला नेलं होतं ते निर्मलला. लाकडाची खेळणी दाखवली, चहा पाजला आणि संध्याकाळच्या बसनं परत! हे लताताई पंचवीस वर्षं ऐकवत होत्या. म्हणून त्यांच्या मुलीनं, हैदराबादच्या आशूनं, दोघांना नाताळातली स्वित्झर्लंडची टूर बुक करून दिली.

लताताई साहेबांकडे बोट दाखवत मला म्हणाल्या, "कुमुद, तू बी चाल. आठ दिवस नुसतं यायच्याशीच काय बोलू मी?"

मी लगेच हो म्हटलं.

*

आशूचा मेसेज आला तो साहेबांनी ऑफिसात मोठ्यानं वाचला. "बाबा, कम्फर्टेबल, ऑल-वेदर वॉकिंग शूज घ्या. आणि प्लीज आत्ताच घ्या. घालून घालून पायांना सवय करा."

"ऑल-वेदर म्हंजे?" लताताईंनी विचारलं.

"सगळ्या हवामानांत चालणारे," मी म्हटलं.

"आपल्याकडे हवामानं दोनच," साहेब म्हणाले. "ऊन, आन् लय ऊन."

राजन्नाला ते लागलं. "थंडी विसरले का सारू? पुऱ्या तेलंगणात सगळ्यात कमी टेंपरेचर आपल्याच जिल्ह्यात. दरसाल पेपरात नाव येते!"

साहेबांची छाती फुगली. "मंग तर झालंच! ज्यानं आदिलाबादची थंडी चपलीवर काढली, त्याले स्वित्झर्लंड काय करनार?"

लताताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चपलीवर या तुमी. मी बुटात पुढं जातो."

संध्याकाळी सगळे बुटाच्या दुकानात!

*

लताताईंनी जन्मात बूट घातला नव्हता. शाळेत असताना चपला, नोकरीत चपला, लग्नात तर अनवाणीच. दुकानदार हिंदीवाला. त्याला आम्ही सांगितलं, बर्फात चालायचे बूट पाहिजेत, बाईंना. तो काचेच्या कपाटाकडे बघत राहिला.

"बहनजी, लेडीज में बर्फवाला तो नहीं आता. सँडल दिखाऊँ? हील में?"

शेवटी त्याने मुलांचे स्पोर्ट्स शूज काढले. जाड तळाचे, काळे, बाजूला हिरवी पट्टी. नववीतला पोरगा कबड्डीला घालेल तसे! पण पायात असे बसले की जणू लताताईंच्या मापानेच शिवलेत. साडीचा काठ सावरत त्या उठल्या, दुकानात दोन पावलं टाकली आणि मधोमध थांबल्या. चेहरा एकदम घाबरा.

"काय झालं? चावून राह्यला का?" साहेबांनी विचारलं.

"नाई हो," त्या म्हणाल्या. "मले जमीनच लागून नाई राह्यली!"

*

साहेबांचे बूट घोट्याच्या वर येणारे, तपकिरी, वजनदार. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं. पण साहेब सर्वेवाले. माणसाने सांगितलेल्या हद्दीवर त्यांचा कधी विश्वास बसला नाही, तर डब्यावर लिहिलेल्यावर काय बसणार?

दुसऱ्या दिवशी ते बूट ऑफिसात घेऊन आले, खिडकीत ठेवले आणि माठातून तांब्यानं दोन्ही बुटांत पाणी ओतलं. गळ्यापर्यंत.

"अहो, हे काय?" लताताई ओरडल्या.

"तपासनी. आतलं पानी बाहेर नाई आलं, तर बाहेरचं आत जानार नाई. सरळ हिशेब हाय."

दिवसभर ऑफिस कामं सोडून खिडकीकडे बघत होतं. संध्याकाळपर्यंत एक थेंब बाहेर आला नाही. साहेबांनी विजयी मुद्रेनं पाणी ओतून दिलं.

पण ते भादव्याचे दिवस. आभाळ भरलेलं, ऊन नाही. बूट आतून वाळेनात. उद्या नाही, परवा नाही. पंख्याखाली ठेवले, वर्तमानपत्रं कोंबली, लताताईंनी चुलीशी शेकले. आठवड्यानं त्यांच्यातून असा वास यायला लागला की पब्लिक अर्ज दारातूनच देऊन जाऊ लागली.

राजन्नानं नाकाला रुमाल लावून बुटात डोकावलं.

"सारू, कंपनी खरी हाय," तो म्हणाला. "पानी बाहेर जाऊनच नाई राह्यलं!"

*

आता इथे थोडं गंभीर आहे. त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचं ठरलं होतं. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल, आसिफाबाद. दसऱ्याला नवी ऑफिसं उघडणार आणि माणसं वाटली जाणार. कपाटं, खुर्च्या, गाड्या, सगळ्यांची वाटणी चालली होती. टेबलावरचा पंखा कोणत्या जिल्ह्यात जाईल ते सांगता येत नव्हतं, तिथे माणसाचं काय!

लताताई डबा उघडून तशाच बसून राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून यायनं एकट्यानं जेवन गरम करून घेतलं नाई कधी. तिकडं काय खातीन हे?"

वाटणीसाठी हैदराबादहून एक मोठे अधिकारी आले. एकेकाला आत बोलवत होते. त्या दिवशी साहेबांनी वाळलेले बूट पहिल्यांदा पायात घातले होते, सवय करायला. दुपारपर्यंत टाचेला हा फोड! नाव पुकारलं तेव्हा ते भिंतीला धरून, एक पाय ओढत, लंगडत आत गेले. मागोमाग कागद घेऊन मी.

अधिकाऱ्यांनी आधी तो घोट्याच्या वरचा भला मोठा बूट पाहिला, मग साहेबांचा वेदनेनं पिळवटलेला चेहरा. लगेच स्वतः उठून खुर्ची दिली.

"बैठिए, बैठिए. पैर में तकलीफ है?"

"जी, बहुत है."

"पहले बताना था! ऐसे केस में हम बाहर नहीं भेजते. यहीं आदिलाबाद में रख देंगे. क्या हुआ है पैर को?"

मी कागद पुढे करत डोळ्यांनी सांगत होते, गप्प बसा! पण साहेबांनी आयुष्यात कधी कोणाची हद्द वीतभर इकडची तिकडे केली नव्हती.

"कुछ नहीं साब," ते म्हणाले. "जूता नया है."

आसिफाबाद!

घरी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी लताताई बोलल्या त्या एवढंच. "मेले लोक खोटे सर्टिफिकेटं आनतात. तुमाले बसल्या जागी खरं लंगडनं देवानं देल्लं होतं, ते बी सांभाळता आलं नाई!"

*

दसऱ्याला साहेब बॅग, बूट आणि लताताईंनी दिलेला लोणच्याचा डबा घेऊन आसिफाबादला रुजू झाले. रविवारी घरी यायचे.

हिवाळा लागला. एका सकाळी राजन्ना पेपर घेऊन धावत आला. चेहरा पडलेला.

"ताई, अन्याय झाला! सगळ्यात कमी टेंपरेचरचं गाव त्यायच्या हद्दीत गेलं. आता नाव आसिफाबादचं येते!"

मी लताताईंकडे पाहिलं. त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"माहा नवरा नेला, थंडी बी नेली," त्या म्हणाल्या. "आता आपल्याकडे राह्यलं काय? लय ऊन!"

*

पायांची सवय मात्र सोडली नव्हती. रोज संध्याकाळी साहेब तिकडे आसिफाबादच्या रस्त्यावर आणि लताताई इकडे गुडीहत्नूरच्या रस्त्यावर, दोघंही आपापले बूट घालून, कानाला फोन लावून चालायचे. मी लताताईंच्या सोबतीला. त्यांच्या गप्पा अशा:

"कुठवर आले?"

"पुलापाशी. तू?"

"पेट्रोल पंपापाशी. जेवले का दुपारी?"

"जेवलो. तुहे बूट काय म्हनतात?"

"चांगले हाय. तुमी हळू चाला, दम लागून राह्यला तुमाले."

पण छोट्या गावात साडीवर बूट घालून बाई रस्त्यानं झपाझप चालायला लागली, की त्याचा अर्थ एकच होतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "किती निघाली वो, लता?"

"काय किती?"

"शुगर!"

"अवो, मले शुगर नाई! फिरायला जाऊन राह्यलो, परदेशात."

काकूंनी दयेनं मान हलवली. त्या दिवसापासून घरी जांभळाच्या बियांची पूड यायला लागली. कारल्याचा रस यायला लागला. इचोड्याच्या नणंदेनं मेथ्या पाठवल्या. जिथे जावं तिथे लताताईंना वेगळा, बिनसाखरेचा चहा. एका बारशाला तर त्यांच्या पानातला बुंदीचा लाडू यजमानीणबाईंनी अलगद उचलून माझ्या पानात ठेवला!

लाडू म्हणजे लताताईंचा जीव. त्या रडवेल्या झाल्या. "खरंच सांगतो बाई, मले काहीच नाई झालं!"

बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"सुरवातीला सगळे असंच म्हनतात."

*

आणि मग खरंच गेलो आम्ही. नाताळ संपता संपता. विमान, बस, डोंगरावर चढणारी रेल्वे, सगळीकडे पांढरंच पांढरं. पहिल्या दिवशी आमच्या टूरमधले झाडून सगळे एकदा तरी आपटले. आमचे दोघं मात्र हातात हात धरून असे चालत होते, जसे घरून भाजी आणायला निघालेत! एवढ्या महिन्यांत त्यांना सोबत चालायला मिळालं होतं ते रविवारचं. फोटोंतही साहेबांनी तो हात सोडलेला नाही.

तिसऱ्या दिवशी एका लहानशा खेड्यात थांबलो. गाईडने तासभर मोकळा दिला. बर्फ भुरभुरत होता. वळणावर एक चिमुकलं चर्च, दार उघडं, आत मेणबत्त्या. दारापुढे लाकडी छत, त्याखाली कोरडी फरशी.

लताताई थांबल्या. "देवाचं दार उघडं हाय. पाया पडून घेऊ."

आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या.

"ताई, इथे काढत नाहीत," मी म्हटलं.

"आपल्या हद्दीत बूट घालून देवापुढं गेलो नाई, आन् दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ?"

हद्दीचं नाव निघाल्यावर सर्वेवाला नवराही खाली बसला. त्यांनीही काढले. मीही काढले. पण साहेबांची नवी चप्पल एकदा कुठल्याशा जत्रेत देवळाबाहेरून गेली होती, तेव्हापासून त्यांचा एक नियम. त्यांनी डावा बूट दाराच्या डाव्या बाजूला भिंतीशी नेऊन ठेवला आणि उजवा पार उजव्या टोकाला.

"जोडी एका जागी ठेवाची नाई. एक बूट कोनाच्या कामाचा नाई," म्हणाले. मग आमचेही तसेच ठेवले, एक इकडे, एक तिकडे.

आत ऊब होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. लताताईंनी डोळे मिटले, ओठ हलत होते. शेवटचं तेवढं मला ऐकू आलं. "...आन् आसिफाबादचं काही जमते का, ते पाहा."

साहेबांनाही ऐकू आलं असावं. ते बाकावर लताताईंच्या आणखी जवळ सरकले.

बराच वेळ बसलो. मधून मधून दार करकरायचं, थंड वारा यायचा, कोणी ना कोणी हळूच आत येऊन बसायचं. एक म्हातारं जोडपं आलं. मग उंच उंच पोरं-पोरी. मग लेकराला कडेवर घेतलेली एक बाई. लताताईंनी डोळे उघडून त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मला कोपरखळी मारली. सगळे मोज्यांवर होते!

"पाह्य. काढतात इथं बी," त्या कुजबुजल्या. "तुलेच माहीत नाई."

गाईडची वेळ झाली. आम्ही उठलो, हात जोडले, दार ढकलून बाहेर आलो.

दाराच्या डाव्या बाजूला बुटांची लांबच लांब रांग होती. काळे, तांबडे, लोकरीचे, लहान लेकराचा एक निळा. सगळे डाव्या पायाचे.

उजव्या बाजूला दुसरी रांग. सगळे उजव्या पायाचे.

साहेब मोज्यांवर मधोमध उभे राहिले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"लता," ते म्हणाले, "तू डावे पाह्य. मी उजवे पाह्यतो."