जावयाचा रुसवा

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांसारखा हट्टी प्रश्नकर्ता अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. भावजी नागपूरला अर्थशास्त्र शिकवत. गरिबांची मुलं शाळा सोडून मजुरीला का जातात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला त्याच्या मुलांच्या शाळेविषयी विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत जिलबी पुढं निघून गेली. सायकल असून ते ती हातात धरून चालत; भेटेल त्याच्याशी बोलायला सारखं उतरावं लागतं, ही तक्रार.

साठ सालाच्या आसपास दिवाळीला ते वणीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा आमच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. त्यांनी घरोघर विचारलं. प्रत्येक आई सांगे, "माही पोरगी कामाले नाही जात, साहेब. माह्या संग येते." आमच्या गावात बालमजूरच नाहीत म्हणून भावजी खूश झाले, बाबा त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी उपरण्याची ओटी बांधून ते स्वतः वेचायला उतरले. बोंडांनी हात ओरबाडून घेतले, पण संध्याकाळी वजनाला त्यांचा कापूस चांगला भरला. ते बाबांकडे ऐटीत बघत होते, तोच शेजारच्या ओळीतल्या गिरजाबाईचा कापूस फारच कमी भरला. तिची पोरगी कौसल्या खाली मान घालून म्हणाली, "मास्तर मागं पडून राह्यले होते. म्हणून आज त्यायच्याच ओटीत टाकला." रोज ती आईच्या ओटीत टाके, म्हणून गावाच्या हिशेबी ती कामाला नव्हती.

भावजी बांधावर बसले. पोरीला शाळेत का घालत नाही, हे त्यांनी फार हळू विचारलं.

गिरजाबाई म्हणाली, "मलेबी घालाचं हाये. नवा धम्म घेतला तो पोरीनं शिकावं म्हणूनच. पण माह्या एकटीच्या वेचणीत दोघींची भाकर नाही निघत."

पाडव्याला जावई रुसतो तो अंगठीसाठी, घड्याळासाठी. आमचे भावजी वेचणीच्या दरासाठी रुसले. ताटावरून उठून म्हणाले, "मामाजी, आईबाप निर्दयी नसतात. आईची मजुरी पुरली, की पोर आपसूक शाळेत जाते." बाबा संतापले, पण सणाला जावई उपाशी कसा ठेवायचा? दर वाढला. कौसल्या शाळेत बसली, आणि भावजींनी अनारसे इतके खाल्ले की ताईनं डबा उचलून नेला.

मजूर आमच्याच शेतावर येऊ लागले, तसे गावातले बाकीचे शेतकरी बाबांना टोचू लागले. पुढच्या हंगामात बाबांनी दर पुन्हा गावाइतका केला.

त्या दिवाळीला भावजी शेतावर गेले, तर कौसल्या पुन्हा ओळीत होती. ती हसून म्हणाली, "बसा मास्तर बांधावर. तुमची ओटी मी भरतो."

पाडव्याला बाबांनीच ओशाळून विचारलं, "जावईबापू, यंदा काय हवं?" भावजींनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि वाढलेलं सगळं ते जेवले. त्यांचा तो रुसवा पुढं आम्ही हसत हसत सांगत आलो. ते मुकाट जेवण मात्र मला अजून आठवू नयेसं वाटतं.