आजारी असल्याचा दाखला

नकार तोंडी देता येतो, यावर आमच्या शेजारच्या मावशींचा कधीच विश्वास बसला नाही. कोणीही त्यांना 'नाही' म्हटले की त्या अत्यंत सौम्यपणे पिशवीतून कागद काढत आणि म्हणत, "नाय म्हनता ना? हरकत नाय. तेवढं लिहून द्या, अन् खाली सही करा." सातपूरच्या आमच्या कॉलनीत या वाक्याची धास्ती होती. शहर बसच्या एका कंडक्टरने गाडी थांब्याच्या पुढे नेली आणि मागे घेणार नाही असे ठणकावले, तेव्हा मावशींनी त्याच्याकडून 'गाडी मागे घेणार नाही' एवढेच तिकिटाच्या पाठीवर लिहून मागितले. लिहिण्यापेक्षा गाडी मागे घेणे त्याला सोपे वाटले. रॉकेलच्या दुकानदाराला तर मावशी रांगेत दिसल्या की टाकीच्या तळाशी उरलेले रॉकेल आपोआप आठवत असे. एकदा माझ्या आईने घरात विरजण संपल्याचे सांगितले, तर सवयीने तेच वाक्य मावशींच्या तोंडून निघून गेले. आई शाळेत शिक्षिका. तिने वहीचे पान फाडले, 'विरजण नाही' असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली तारखेसह सही केली. तो कागद मावशींनी इतर नकारांबरोबर जपून ठेवला.

त्या आमच्या नात्याच्या नव्हत्या. भिंतीला भिंत लागून घर, आणि आई शाळेत गेली की माझ्या जेवणाकडे त्यांचे लक्ष, म्हणून मावशी. मूळच्या चांदवडकडच्या, विजेची बटणे बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात कामाला होत्या. त्यांच्याइतक्या वेगाने जगणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही. पहिले वाक्य पुरे होण्याआधी त्या दुसरे सुरू करीत आणि तिसऱ्यात दोन्हींचा निकाल लावीत. त्यांचे यजमान, म्हणजे काका, याच्या बरोबर उलट. काकांचे उत्तर ओठांवर येईपर्यंत मावशींचे त्यावरचे प्रत्युत्तर देऊन झालेले असे, त्यामुळे काकांनी उत्तर देण्याची मेहनत बहुधा विवाहानंतरच्या पहिल्या वर्षातच सोडली असावी.

हा सारा वेग एका पांढऱ्या, डाळीएवढ्या गोळीतून येतो, हे फार थोड्यांना ठाऊक होते. मावशींच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काम करीनाशी झाली होती. भर चैत्रात स्वेटर घालून त्या पॅकिंगच्या टेबलावर पेंगू लागल्या, तेव्हा गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरांनी हा आजार ओळखला आणि सांगितले, की रोज एक गोळी, आणि ती जन्मभर. गोळी परदेशी होती. आमच्या माहितीत ती मागवून देणारे औषधाचे दुकान एकच, तेही मुंबईहून आणवणार. मावशींच्या पगारातून आधी गोळी वजा होई आणि मग उरलेल्यात घर सुरू होई.

दोन वर्षे त्यांनी हे निमूट सोसले. मग एका पगाराच्या दिवशी, वैद्यकीय विम्यापोटी दर महिन्याला पगारातून होणारी कपात त्यांच्या नजरेला आली आणि त्या तडक आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. "पैसं कापताना कुनी इचारलं का, की बाई, तुमचं पोट दुखनार हाय का गळा बिघडनार हाय? मंग गोळी देताना कशापायी इचारतील?" त्यांच्या या प्रश्नात मला तेव्हाही तार्किक दोष सापडला नाही आणि आजही सापडत नाही.

या विम्यातला, कामगारांसाठीचा सरकारी दवाखाना तीन बरण्यांवर चालत असे: एक लाल मिश्रणाची, एक पांढऱ्या गोळ्यांची, एक पिवळ्या. डॉक्टर तरुण होते, सज्जन होते, आणि समोरच्या रांगेने पार थकलेले होते. "मावशी, हे औषध आमच्या यादीतच नाही," ते म्हणाले. "यादी दावा," मावशी म्हणाल्या. इंग्रजीत टंकलिखित केलेली ती यादी मावशी एका संध्याकाळपुरती मागून माझ्याकडे घेऊन आल्या. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. जंतांपासून मोडलेल्या हाडांपर्यंत सगळ्यांची सोय होती, या ग्रंथीची नव्हती. यादीबाहेरचे औषध हवे असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीची मंजुरी लागेल, आणि समिती महिन्यातून एकदा बसते, अशी तळटीप मात्र होती.

अर्ज होईपर्यंत मावशींनी एक स्वतंत्र आघाडी उघडली. कारखान्याच्या दर सुट्टीच्या दिवशी त्या दवाखान्याच्या खिडकीत गोळ्यांची रिकामी बाटली ठेवीत. कंपाउंडर विचारी, "काय देऊ?" त्या म्हणत, "रिकामी हाय. बघून घ्या." एकदा त्याने कंटाळून ती पिवळ्या गोळ्यांनी भरली आणि म्हणाला, "घ्या मावशी, ह्यापण गोलच आहेत." मावशींनी बाटली त्याच्यासमोर उपडी केली. "रुपया बी गोलच असतोय, बाबा. उद्या तुला पगारात बाटल्यांची झाकनं देऊ दे त्यांना, चालंल का?" रांग इतकी हसली, की आतून डॉक्टर बाहेर डोकावले.

अर्ज मी लिहिला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि पुरावा निर्दोष असला की जग मान तुकवते अशी माझी खात्री होती. म्हणून मी मावशींना आग्रह केला, की रक्ताची ताजी तपासणी जोडू. रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत गेले, अहवाल आला, मी तो न उघडताच मोठ्या अभिमानाने अर्जाला टाचला. समितीने तो उघडला. तपासणी सर्वसाधारण होती. असणारच, मावशी रोज गोळी घेत होत्या! चालू पंख्याखाली बसून मी उकाड्याचा पुरावा गोळा केला होता. समितीने निर्णय दिला: 'औषधाची आवश्यकता नाही.' मावशींनी तो अर्थातच लेखी मागून घेतला, शिक्क्यासकट.

त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. मावशींनी सगळे दोनदा समजावून घेतले. "म्हंजी गोळी घेते म्हनून मी बरी. अन् बरी हाय म्हनून गोळी नाय?"

"हो."

"मंग गोळी सोडते. आजारी पडूनच दावते त्यांना."

मी त्यांना हृदयावर काय परिणाम होतो ते सांगितले. आईने विनवले. काकांनी चक्क एक पूर्ण वाक्य उच्चारले, "मी आनतो ना विकत," आणि खरोखरच एक भरलेली बाटली आणून देवाच्या फळीवर ठेवली. मावशी बधल्या नाहीत. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनीही आधी साफ नकार दिला. त्यांच्याकडे लेखी मागितल्यावर ते हसले आणि नाइलाजाने राजी झाले: सहा आठवडे, कारखान्यातून रजा, आणि रोज नाडी व तापमान यांची नोंद, नाडी त्यांनी ठरवलेल्या आकड्याखाली गेली की त्याच दिवशी गोळी सुरू. नोंदीचे काम मी मागून घेतले. "तुझी चूक नाय गं," मावशी मला म्हणाल्या. "अन् असली तरी अर्जातलं अक्षर लय देखनं व्हतं."

रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी मी त्यांच्या घरी जाई, मनगट धरी, घड्याळाकडे पाही आणि वहीत आकडा लिही. दुसऱ्या आठवड्यापासून आकडा उतरू लागला आणि त्याबरोबर मावशीही. त्यांचे वाक्य आता एकदा सुरू झाले की मध्येच विसाव्याला थांबे. काका इतिहासात प्रथमच त्यांच्या आधी उत्तर देऊ लागले आणि स्वतःच दचकू लागले. एप्रिलच्या उन्हात त्या स्वेटर आणि कानटोपी घालून ओट्यावर बसत. दुकानदाराने रॉकेल संपले म्हणून सांगितले, तेव्हा त्या नुसती मान हलवून परत फिरल्या, तो माणूस इतका घाबरला, की संध्याकाळी स्वतः डबा घेऊन घरी आला आणि काकांना विचारू लागला, "बाई रागावल्यात का? काहीतरी बोला म्हणावं." चौथ्या आठवड्यात चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. विनोद तिथे संपला.

"मावशी, आता पुरे. गोळी घ्या," मी म्हटले.

"कितवा... आठवडा?"

"चौथा."

"मंग... दोनच ऱ्हायले."

नाडी त्या आकड्याच्या किंचित वर राहिली. सहाव्या आठवड्याअखेर पुन्हा रक्त मुंबईला गेले, आणि समितीच्या पुढच्या बैठकीला मी मावशींना रिक्षाने घेऊन गेले. टेबलापलीकडे तिघे डॉक्टर होते. प्रमुखांनी अहवाल पाहिला, मावशींकडे पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. "बाई, तुमच्या जिवाची तुम्हाला काही किंमत आहे की नाही? एवढा आजार असताना गोळ्या बंद केल्या कुणी?"

सुजलेल्या बोटांनी पिशवीचा बंद सोडायला मावशींना बराच वेळ लागला. त्यांनी समितीचा कागद टेबलावर ठेवून सरळ केला. "सही... तुमचीच हाय ना, साहेब? नीट... बघा."

प्रमुखांनी तो दोनदा वाचला. शेजारच्या धाकट्या डॉक्टरांना अचानक खोकल्याची मोठी उबळ आली. "मंजूर करतो," प्रमुख म्हणाले. "तीन महिन्यांसाठी. मग पुन्हा तपासणी करून बघू."

मी उभी राहिले. "सर, तपासणी पुन्हा सर्वसाधारणच येईल. औषध चालू असेल म्हणून. आणि आपण पुन्हा ते बंद कराल."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा चढवला आणि मंजुरीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: 'रक्ततपासणी सर्वसाधारण आली तरी औषध बंद करू नये.' पुढे कधीतरी दवाखान्याच्या त्या टंकलिखित यादीच्या शेवटी शाईने एक नाव वाढवले गेले. मालेगावहून आलेल्या एका यंत्रमाग कामगाराच्या बायकोला ते औषध अर्ज न करता मिळाले, तेव्हा मावशींनी आमच्या ओळीत जिलबी वाटली. तोवर त्यांचे बोलणे पुन्हा पूर्वपदाला आले होते आणि काकांचे न बोलणेही.

मी आता पुण्याला असते. माझ्या टेबलावर रोज रक्ताच्या नळ्या येतात, त्यांवर फक्त क्रमांक असतात. गेल्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा मावशींना इतकी वर्षे न विचारलेला प्रश्न विचारला, "तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली ना. लय वाटली. पन तू रोज सकाळी यायचीस, हात धरून बसायचीस. ती दोन मिन्टं बरी जायची बघ. तू एक दिवस आली नसतीस, तर फळीवरची बाटली उघडली असती मी."

त्या सहा आठवड्यांत मी दररोज त्यांना थांबवण्याचा निश्चय करून जात होते, आणि माझ्या जाण्यानेच त्या टिकून होत्या. मावशी हसल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, "बघ तरी, आता कशी चालती."

मी मनगट हातात घेतले. माझ्या हाताला घड्याळ होते. मी त्याकडे पाहिले नाही, आणि बराच वेळ हात सोडलाही नाही.